दोन घरांतली मुलं आणि त्यांची पुस्तकं

(पनवेल येथे महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, मारहाण, घराचा हक्क यांवर बोललो. आता मला मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर बोलायला सांगितलं आहे. काहीजणींना वाटेल, दमलेल्या कार्यकर्त्यांसाठी हा जरा हलका विषय ठेवलेला दिसतो. तसं नाही. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई सल्ला केंद्रात येते, तेव्हा पुष्कळदा तिच्या पदराला धरून एखादं मूल आलेलं असतं. आपण बाईची हकिकत लिहून घेतो आणि मुलाने गप्प बसावं म्हणून त्याच्या हातात एखादं पुस्तक देतो. मी केंद्रात बसते तेव्हा हेच करते. हे मूल ज्यातून चाललं आहे, त्यातलं काही या पुस्तकांत त्याला भेटतं का, हा प्रश्न मला तिथेच पडला.

आधी मराठीतल्या लाडक्या पुस्तकमाला पाहू. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याला विद्याभवनच्या वसतिगृहात राहतो, पण त्याचे आईवडील फुरसुंगीच्या घरी एकत्र आहेत. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ आहे, त्याला दुसऱ्या घरात माया मिळते. दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेच्या घरी आई-बाबा आहेत, आजी आहे. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'मध्ये आई, बाबा, आजी, आजोबा एका छपराखाली नांदतात. ही पुस्तकं चांगलीच आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण सगळी एका ओळीत मांडली की एक गोष्ट दिसते. मराठी मुलांच्या पुस्तकात आईवडील एकत्र असतात, दूरगावी असतात किंवा वारलेले असतात. ते भांडून वेगळे झालेले, कोर्टात उभे असलेले जवळजवळ कधीच नसतात. मृत्यू मुलांना सांगायला चालतो, घटस्फोट चालत नाही.

म्हणजे आपल्याकडे मुलांना मोडलेल्या संसाराच्या गोष्टी सांगतच नाहीत का? सांगतात, आणि फार पूर्वीपासून सांगतात. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली 'अमर चित्र कथा' आठवा. तिच्यातून, 'चांदोबा'मधून आणि आजीच्या तोंडून आपण सगळ्यांनी या गोष्टी ऐकल्या आहेत. फक्त त्यांच्याकडे ताब्याच्या गोष्टी म्हणून कधी पाहिलेलं नाही. आज तसं पाहू या.

ध्रुवाची गोष्ट घ्या. उत्तानपाद राजाची नावडती राणी सुनीती, आवडती सुरुची. ध्रुव बापाच्या मांडीवर बसायला जातो, सुरुची त्याला हटकते. राजा तिथेच बसलेला आहे, तो काही बोलत नाही. पण गोष्ट ऐकून मुलाच्या मनात राग राहतो तो सावत्र आईचा. गप्प बसलेल्या बापाला कुणी विचारत नाही. पुढे ध्रुवाला अढळपद मिळतं. सुनीतीला राहायला कुठली जागा मिळाली, हे मुलांना कोण सांगतं?

शकुंतलेचं पाहा. महाभारतातली शकुंतला मुलाचा हात धरून स्वतः दरबारात जाते आणि राजाला खडसावते. आकाशवाणी झाल्यावर दुष्यंत कबूल करतो, की मी ओळखलं होतं, पण लोक संशय घेतील म्हणून बोललो नाही. मुलांच्या पुस्तकांत बहुधा कालिदासाची गोष्ट येते. तिच्यात शाप आहे, अंगठी आहे, म्हणून राजाकडे दोष नाही. भांडून हक्क मागणारी आई पुस्तकातून गळली आणि अंगठी हरवणारी राहिली.

सीता एकटीने दोन मुलं वाढवते. बाप त्यांना ओळखतो, त्यानंतर मुलं अयोध्येला जातात आणि आई धरणीच्या पोटात. गंगा तर आपण होऊन देवव्रताला घेऊन जाते, त्याला शिकवून सवरून तयार करते आणि शंतनूच्या हवाली करते. चारही गोष्टींचा निवाडा एकच: वाढवायचं आईने, नाव आणि वारसा बापाचा. वेगळं उदाहरण एकच आठवतं, ते छांदोग्य उपनिषदातल्या जाबालेचं. मुलाचा बाप कोण ते मला ठाऊक नाही, तू माझं नाव सांग, असं ती म्हणते. मुलगा गुरूला तेच सांगतो, आणि गुरू त्याला ठेवून घेतो. सत्यकाम जाबाल हे नाव आईवरून आलं आहे.

आणखी एक बघा. ध्रुव, भरत, लव-कुश, देवव्रत, सत्यकाम हे सगळे मुलगे आहेत. मुलीच्या ताब्याची गोष्टच नाही. शकुंतलेला स्वतःला मेनका आणि विश्वामित्र दोघांनी सोडलं, तिला मागायला कुणी आलं नाही. केंद्रात बसून माझा अनुभव याच्याशी जुळतो. मुलगा असला की भांडण ताब्याचं होतं, मुलगी असली की पोटगीचं.

श्रावणातल्या कहाण्यांतली नावडती राणीही आपण विसरता कामा नये. ती गोठ्यात राहते, उष्टंमाष्टं खाते, मनोभावे व्रत करते आणि राजा प्रसन्न होऊन तिला महालात नेतो. टाकलेल्या बाईच्या दुःखाची एवढी उघड कबुली दुसरीकडे सापडणार नाही. पण उपाय काय, तर व्रत. संगमनेरला १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली, तेव्हा बायकांनी व्रत मागितलं नव्हतं, हक्क मागितले होते.

बाहेरच्या देशांत काय आहे? एरिश केस्टनर या जर्मन लेखकाने १९४९ साली जुळ्या बहिणींची गोष्ट लिहिली. आईबापांनी विभक्त होताना एकेक मुलगी वाटून घेतलेली. एक म्युनिकला आईकडे, दुसरी व्हिएन्नाला बापाकडे. दोघी सुट्टीत भेटतात, घरं बदलतात आणि शेवटी आईबापांना पुन्हा एकत्र आणतात. याच धर्तीचा 'दो कलियाँ' हा १९६८चा हिंदी चित्रपट आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. गोष्ट गोड आहे, पण ती मुलांच्या डोक्यावर मोठं ओझं ठेवते. आम्ही हुशारी केली तर आई-बाबा एकत्र येतील, असं मुलाला वाटू लागतं. ते आले नाहीत, तर मग कमी कुणाची पडली? नावडतीने जे व्रताने करायचं, तेच इथे मुलींनी युक्तीने करायचं!

त्यानंतरची पुस्तकं बदलली. अमेरिकेत अॅन मार्टिन यांच्या 'बेबी-सिटर्स लिटल सिस्टर' या मालेतली करेन दोन घरांत राहते. बापाचं ते 'मोठं घर', आईचं ते 'लहान घर'. तिच्याकडे प्रत्येक वस्तू दोन-दोन आहेत, पण लाडकी गोधडी एकच. ती करेन फाडते आणि एकेक तुकडा एकेका घरी ठेवते. दुभंगलेल्या मुलाचं मन सांगायला ती गोधडी पुरेशी आहे. आणि वेगळं झाल्यावर मोठं घर कुणाकडे राहतं, हेही लेखिका भाषण न करता सांगून जाते. इंग्लंडमध्ये जॅकलिन विल्सन यांची 'द सूटकेस किड' १९९२ साली आली. तिच्यातली अँडी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे राहते. कुणाकडे राहायचं ते तिला विचारतात. तिला हवं असतं जुनं घर, तिघं एकत्र असलेलं. ते मिळत नाही. तरी हळूहळू तिला जगायला जागा सापडते. शेवट खोटा गोड केलेला नाही.

ही पुस्तकं भाषांतर करून आपल्या मुलांच्या हाती दिली की काम झालं, असं मी म्हणणार नाही. करेनला दोन्ही घरी कपाट आहे. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायकांना एकही घर नसतं. भावाच्या घरी एका कोपऱ्यात ती आणि मूल. पनवेलला कळंबोली, कामोठ्याच्या सोसायट्यांत नोकरीसाठी आलेली जोडपी आहेत, त्यांचं माहेर-सासर दोनशे कोसांवर. गावठाणात आणि पाड्यांवर कितीतरी जणी कागदावर अजून 'विवाहित'च आहेत, नवरा मात्र दुसरीबरोबर नांदतो. मुलाची भेट होते ती एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनच्या बाकावर. बाप उशिरा आला तर मूल कुणावर रागावतं? बहुतेकदा शेजारी बसलेल्या आईवर. हे सगळं मराठी पुस्तकात यायचं आहे.

आता कायदा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६चा. त्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. म्हणजे सांभाळ आईचा, अधिकार बापाचा. पुराणातलाच निवाडा कलमात उतरला. गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली 'नंतर' या शब्दाचा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा होत नाही, बाप लक्ष देत नसेल तरी आई पालक ठरते, असं सांगितलं. २०१५ साली विधी आयोगाने आईवडिलांना बरोबरीचं पालकत्व द्यावं अशी शिफारस केली. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. जाबालेला एवढी वर्षं थांबावं लागलं!

कायदा आणखी एक सांगतो. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात. पण ज्या मुलाने आपल्यासारखं घर कुठल्या पुस्तकात पाहिलं नाही, त्याच्याकडे सांगायला शब्द कुठून येणार? शाळेत 'माझे बाबा' हा निबंध आला की ते खोटं लिहितं. कोर्टात ते शिकवलेलं बोलतं. म्हणून पुस्तकांचा प्रश्न मला हक्काचा प्रश्न वाटतो.

आपण काय करू शकतो? प्रत्येक केंद्रात मुलांसाठी एक फळी पुस्तकं ठेवू, आणि ती निवडताना वाचून निवडू. जुन्या गोष्टी टाकून द्यायच्या नाहीत, त्या प्रश्न विचारत सांगायच्या: राजा गप्प का बसला, सुनीती कुठे राहिली, लव-कुशांना कुणी विचारलं का? शिक्षक मैत्रिणींनी 'माझे बाबा'ऐवजी 'माझ्या घरातली माणसं' असा विषय द्यावा. लिहिणाऱ्या मैत्रिणींना विनंती, की अशा मुलाची गोष्ट लिहा. तिच्यात आई देवी नको, बाप राक्षस नको, सावत्र आई चेटकीण नको. भांडण मुलामुळे झालेलं नाही, हे मुलाला कळू दे. शेवटी आईबाप एकत्र आलेच पाहिजेत असा हट्ट नको. आणि गोष्टीतलं मूल एकदा तरी मुलगी असू दे.

गटात परत गेल्यावर पहिल्या बैठकीत यांतली एक गोष्ट सांगून पाहा. मुलं काय विचारतात ते लिहून ठेवा आणि या अंकाकडे पाठवा. पुढची पुस्तकं त्या प्रश्नांतून लिहिली जातील.