दोन आगारांचे एक वेळापत्रक

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून आलेले सरपंच, नगरसेवक, पंचायत समितीचे सदस्य, एस.टी.चे कर्मचारी आणि मित्रहो,

ही परिषद किन्हवलीत भरली याचे मला विशेष समाधान आहे. किन्हवली शहापूर तालुक्यात, पण इथून सरळगावच्या दिशेने निघालो की मुरबाडची हद्द लागते. या पट्ट्यातल्या माणसांची सोयरीक, बाजार, दवाखाना, कॉलेज दोन्हीकडे आहे. एस.टी.ची आगारे मात्र दोन. दोन्ही ठाणे विभागातलीच, तरी मुरबाडच्या वेळापत्रकाचे तोंड कल्याणकडे आणि शहापूरचे आसनगाव स्टेशनकडे. मधली गावे दोघांच्याही यादीत शेवटी येतात.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. शहापूरला ती आसनगावला मिळते. संध्याकाळी कसारा लोकल तिथे थांबली की माणसे पिशव्या सावरत पूल उतरतात आणि स्टँडकडे धावतात. लोकल उशिरा आली तरी गाडी आपल्या वेळेवर सुटते, कारण रेल्वेचा उशीर आगाराला कोणी कळवत नाही. मग उरते काळी-पिवळी. ती भरल्याशिवाय हलत नाही. वर तांदळाचे कट्टे, आत मांडीला मांडी. जीपवाल्यांना मी दोष देणार नाही. एस.टी. पोहोचत नाही तिथे त्यांनीच माणसे पोहोचवली आहेत.

बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. हे निर्णय मोलाचे आहेत. पण ज्या पाड्याला दिवसाची एकच फेरी, तीही कॉलेज सुटण्याआधी परतणारी, तिथल्या ठाकर-कातकरी मुलीचा पास दप्तरातच राहतो. अशा मुली दहावीनंतर घरी बसतात, आणि याचे मला फार वाईट वाटते.

मोठे रस्ते आपल्याकडे कमी नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडमधून माळशेज घाटाकडे राष्ट्रीय महामार्ग जातो. हे रस्ते लांबच्या प्रवासासाठी आहेत. डोळखांबहून टोकावड्याला जाणाऱ्याचा विचार आपल्यालाच करावा लागेल.

त्यासाठी नवा कायदा नको. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या गोष्टी, त्यांत पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास, लक्षात घेऊन जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे काम आहे. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे असतात. तरीही तिथे आपण आपापल्या तालुक्याचा निधी मागतो आणि उठतो. शहापूर-मुरबाडचा संयुक्त वाहतूक आराखडा म्हणून एक कागद टेबलावर ठेवला, तर तो बाजूला सारणे कोणालाही सोपे जाणार नाही.

त्या कागदाला आकड्यांचा आधार लागेल. म्हसा यात्रेला जादा गाड्या सुटतात तेव्हा गर्दी कुठून येते ते पाहिले जाते. तीच नजर वर्षभर हवी. दोन्ही नगरपंचायती आणि दोन्ही पंचायत समित्यांनी आसनगाव, किन्हवली, सरळगाव, टोकावडे इथे आठवडाभर, बाजाराचा दिवस धरून, प्रवासी मोजावेत आणि ते आकडे घेऊन एस.टी.च्या विभाग नियंत्रकांकडे एकत्र जावे. वेगवेगळी निवेदने फाइलमध्ये पडून राहतात.

ठरावाचा मसुदा तुमच्या हाती आहे. त्यात माझी एक भर घ्यावी. संध्याकाळची शेवटची फेरी लोकलची वेळ पाहून लावावी आणि मुक्कामी गाडीचे गाव दोन्ही तालुक्यांनी मिळून ठरवावे. चालक-वाहकाला पाठ टेकायला धड जागा नसेल, तर मुक्कामी गाडी टिकत नाही. म्हणून त्या ग्रामपंचायतीने स्वच्छ खोली, पाणी आणि शौचालय देण्याचे आधीच लिहून द्यावे.