शिकाऱ्याचा पेहराव



शिकारी म्हटला की डोळ्यांपुढे खाकी उभी राहते. खाक म्हणजे धूळ. १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या गाइड्स पलटणीने हा रंग अंगावर घेतला. पुढे तो शिकाऱ्यांचाही झाला. हेतू एकच, दिसू नये.

आता अमेरिकेकडे पाहा. तेथे हरणांच्या शिकारीला निघालेला माणूस भडक नारिंगी बंडी घालतो. अनेक राज्यांत तशी कायद्याचीच सक्ती आहे. आपण म्हणाल, मग हरीण पळणार नाही का? पण हरणाच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांतला भेद कळत नाही. म्हणून तर पट्टेदार वाघ त्याला गवतात चटकन दिसत नाही. निळा मात्र त्याला चांगला दिसतो. नारिंगी दिसतो तो माणसाला, आणि त्यामुळे झुडपापलीकडच्या सोबत्याची गोळी टळते.

कापडाचेही तसेच. उन्हात सुती बरे. ते घाम टिपते. पण थंडीपावसात तेच भिजले की अंगातली ऊब हिरावून घेते आणि प्रसंगी जिवावर बेतते. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, हे योग्यच झाले. पण ऐन पावसाळ्यात सह्याद्री चढणाऱ्या आपल्या मुलांनी शिकाऱ्याकडून एवढे अवश्य घ्यावे: अंगात ऊब राहावी, आणि वाट चुकलीच तर शोधणाऱ्याला आपण लांबून दिसावे.