ब्रिटानियांतील धर्म आणि दंड

रिचर्ड गॅरियट यांनीं १९८५ सालीं रचलेल्या चौथ्या ‘अल्टिमा’ खेळांत ब्रिटानिया या काल्पनिक मध्ययुगीन राज्याचा प्रवासी राक्षसवधासाठीं निघत नाहीं. सत्य, प्रेम व धैर्य यांतून उपजलेले आठ सद्गुण अंगीं बाणवावे, देवस्थानांत मंत्र जपून ध्यान करावें आणि ‘अवतार’ व्हावें, हेंच त्याचें साध्य. हा शब्द हिंदु परंपरेंतला. आंधळ्या विक्रेत्याला कमी पैसे दिले, तर कोणी हटकीत नसे. मात्र खेळ त्याची नोंद मुकाट्यानें ठेवी.

पुढें १९९७ सालीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ निघाला आणि हजारों माणसें इंटरनेटवरून त्याच भूमींत एकत्र वावरूं लागलीं. देवस्थानें उभींच होतीं; पण नगराबाहेर लुटालूट माजली. मग दंडविधान आलें. मारल्या गेलेल्यानें तक्रार नोंदवावी. अशा पांच नोंदी झाल्या, कीं मारेकऱ्याचें नांव तांबडें पडे, नगरांत शिरतांच रक्षक त्याला ठार करीत, आणि सामान्य वैद्य त्याच्या भुताला पुन्हां देह देण्याचें नाकारीत. तरीहि भय सरेना. अखेर २००० सालीं भूमीच्या दोन प्रती झाल्या: एकींत पूर्वीची मोकळीक, दुसरींत संमतीवांचून दुसऱ्या खेळाडूवर वार करणेंच अशक्य.

जेथें चोरी करतांच येत नाहीं, तेथें प्रामाणिकपणाची कसोटीहि उरत नाहीं, हें खरें. परंतु सर्वस्व लुटल्या गेलेल्याला कसोटीपेक्षां अभय आधीं हवें असतें. एकट्याच्या साधनेला सद्गुण पुरतात. समाजाला मात्र कुंपणहि लागतें.