संशयिताची साक्ष



बालकवी ठोमरे यांच्या या जन्मगावी अध्यक्षपदावरून बोलण्याचा मान एखाद्या कवीला शोभावा. तो संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला यावा, याचे मला नवल वाटते. परंतु ज्या धरणगावात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि जिथे १८२५ साली इंग्रज अधिकारी औट्रमने भिल्ल पलटण उभारली, त्या गावाला लूट आणि पहारा हे दोन्ही विषय जुनेच आहेत.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेल्या दरोड्याची हकीकत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एटीएमवरून मागणी आली की ती बँकेच्या मुख्य दफ्तरी जावी, तिथे शिल्लक पाहिली जावी आणि मगच मंजुरी सुटावी, असा रिवाज. पण घुसवलेल्या मालवेअरने मधल्यामध्ये एक तोतया स्विच उभा केला आणि खऱ्या दफ्तराला पत्ता लागू न देता तोच मंजुरीचे शिक्के मारीत राहिला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतले बहुतेक परदेशांतल्या एटीएममधून नोटांच्या रूपाने उचलले गेले.

मला या प्रकरणात पैशाच्या आकड्यापेक्षा तो तोतया अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण घरच्या संगणकात कोणी शिरल्याचा संशय आला की आपली मंडळी पहिली चौकशी त्याच संगणकाकडे करतात. त्यातलाच अँटिव्हायरस चालवतात, ‘काही आढळले नाही’ असे त्याने सांगितले की सुटकेचा निःश्वास टाकतात आणि वर कहर म्हणजे त्याच कळफलकावर बँकेचा नवा पासवर्ड टंकतात! संशयिताच्या जबानीवर त्याचीच निर्दोष सुटका करणारे न्यायालय मी अद्याप पाहिलेले नाही. आधी वायफाय तोडावे, नेटची केबल काढावी. पासवर्ड दुसऱ्या, निर्मळ उपकरणावरून बदलावेत, त्यांतही ईमेलचा सर्वांआधी, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या त्याच्याच कनवटीला असतात. ईमेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे काय, हेही त्याच बैठकीत पाहावे. मग कामाच्या फायली तेवढ्या बाजूला काढून, अन्य संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून डिस्क पुसून विंडोज नव्याने घालावी.

राउटरकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. वायफायचा पासवर्ड बदलला जातो, पण राउटरच्या कारभाराचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ‘अ‍ॅडमिन’ राहतो. ‘डीएनएस चेंजर’ या मालवेअरने राउटरमधले डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा ठिकाणा सांगणाऱ्या यंत्रणेचे, पत्तेही बदलल्याची उदाहरणे आहेत. पत्ता असा फिरला की बँकेचे नाव अचूक टंकूनही माणूस भलत्याच दारी पोहोचतो, मग संगणक कितीही धुतलेला असो. मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून राउटर मूळपदावर आणावा, त्याचे फर्मवेअर अद्ययावत करावे, दुरून कारभार करण्याची सोय बंद ठेवावी.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ फिर्याद द्यावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखण्याचा संभव तेव्हाच अधिक असतो. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की गिऱ्हाइकाने घाई केली तरी डिस्क पुसण्यापूर्वी तिची प्रत, संदेशांची छायाचित्रे आणि व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवावेत. या पंचनाम्याचा मेहनताना वेगळा आकारण्यास माझी मुळीच हरकत नाही.