जुनी सायकल, नवा रंग

(शिरूर अनंतपाळ येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून बोलायचे म्हटले की वक्ता मोठा विषय निवडतो. मी आज एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. कुठे माळवदावर, कुठे गोठ्याच्या भिंतीला टेकून, कुठे ज्वारीच्या पोत्यांमागे ती गंजत पडली आहे. ती म्हणजे आजोबांची किंवा वडिलांची जुनी सायकल.

एके काळी या सायकलीला घरात मान होता. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, आसनसोलजवळ सेन-रॅलेचा होता. सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो आणि मद्रासच्या कारखान्यातील हर्क्युलिस ही नावे खेड्यापाड्यांत माहीत होती. चेनकव्हरवर पेंटरकडून मालकाचे नाव लिहून घेतले जाई, मडगार्डवर चंद्र-तारा, कमळ नाहीतर मोर काढला जाई. आज हिंद आणि सेन-रॅले यांचे कारखाने राहिले नाहीत. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखानाही २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, आणि तोही नेमका जागतिक सायकल दिनी. कारखाने गेले, पण त्यांच्या सायकली अजून आपल्या घरात आहेत. त्यांचे काय करायचे, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली जमवून, दुरुस्त करून त्यांचे संग्रहालय उभे केले. ते २०१७ पासून लोकांना पाहता येते. भंगारवाल्याने किलोवर घेतली असती अशी वस्तू तिथे लोक कौतुकाने पाहतात. वस्तू तीच, पाहणाऱ्याची नजर वेगळी. मात्र आपल्याला संग्रहालय उभारायचे नाही. आपल्याला सायकल रस्त्यावर आणायची आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सायकल नवी करायची म्हटले की तुमचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. तिथेच थांबा. रंग हे शेवटचे काम आहे. आधी सांगाडा पाहा. मागच्या चाकाच्या खाचेतून एक सुतळी ताणून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून बांधा. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजा. ते सारखे भरले तर सांगाडा सरळ आहे. कमीजास्त भरले तर तो वाकलेला आहे. मग सांधे पाहा. सांध्याला तडा असेल तर आधी तो जाणत्या कारागिराकडून भरून घ्या. तड्यावर रंग लावणे म्हणजे बसणाऱ्याला फसवणे आहे.

त्यानंतर सायकल पूर्ण खोलायची. आपल्याकडे याला ‘ओव्हरऑईल’ म्हणतात. मूळ शब्द वेगळा असला तरी कामाचा अर्थ त्यात नेमका आला आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले तरच सुटते. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून आटे खराब करतो. क्रँकचा कॉटर अडकला असेल तर रात्रभर तेल सोडून ठेवा आणि सकाळी मधे लाकूड धरून ठोका. छर्रे रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन मोजून ठेवा. साध्या जुन्या सायकलीला सर्वसाधारणपणे पुढच्या चाकात दोन्ही बाजूंना दहा-दहा, मागच्या चाकात नऊ-नऊ आणि क्रँकमध्ये अकरा-अकरा छर्रे असतात. कोनला खड्डे पडले असतील तर तो बदला. नवा ग्रीस भरून कोन असा आवळा की चाक डुलणार नाही आणि अडणारही नाही. चेनचीही परीक्षा घ्या. तिच्या कड्या अर्ध्या इंचावर असतात, म्हणून चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदलण्याची वेळ आली आहे. आता सांगा, वर्गातले मोजमाप आणि अपूर्णांक आणखी कुठे इतक्या लवकर उपयोगी पडतात?

पुढे चाकाचा आऊट काढणे, ब्रेकचे रबर बदलणे, टायर-ट्यूब पाहणे ही कामे आपल्या गावच्या मिस्तरीकडे बसून शिकावीत. तारेला किती पीळ द्यायचा हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते बोटांना कळावे लागते.

आता रंगाकडे येऊ. पहिला प्रश्न असा, की रंगवायची गरज आहे का? मळाखाली मूळ रंग आणि सोनेरी रेघा शाबूत असतील तर मऊ फडक्याने पुसून मेण लावा आणि तशीच जपा. चेनकव्हरवर आजोबांचे नाव असेल तर ते पुसू नका. पुढचा कंपनीचा बिल्ला काढून जपून ठेवा आणि शेवटी परत बसवा.

रंग गेलाच असेल तर तो खरवडावा लागेल. इथे पालकांनी लक्ष द्यावे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार घातक आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ते लागू झाले २०१७ मध्ये. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, उघड्यावर, नाकातोंडावर चांगला मास्क लावून घासावा. त्या वेळी लहान मुले जवळ नसावीत. घाण कागदात गोळा करावी, अंगणात झाडू नये, आणि नंतर हातपाय धुवावेत.

लोखंड उघडे पडले, सुकले, की त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात मारा. उशीर केला तर गंज पुन्हा धरतो. खड्डे लांबीने भरा, घासा, आणि मग ऑईल पेंटचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि आतून कच्चा राहतो. कारखान्यात रंग भट्टीत भाजून कडक करतात. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून आठवडाभर सायकल हलवू नका. आपल्या भागात वैशाखातले दुपारचे ऊन आणि वावटळीची धूळ, दोन्ही या कामाचे वैरी आहेत. हिवाळ्यातील सकाळ उत्तम. रेघा, नाव, वेलबुट्टी सगळ्यांत शेवटी काढा. आणि मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा विसरू नका. तो शोभेचा नाही. रात्री मागून येणाऱ्याला दिसावे म्हणून तो असतो. त्याच्या जोडीला लाल रिफ्लेक्टरही लावा. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात त्या दिवसांत त्याचे मोल कळते.

पालकहो, एवढी मेहनत कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर शाळेच्या हजेरीपटात आहे. साकोळ, येरोळ, उजेड ही आपल्याच तालुक्यातील गावे. त्यांच्या आसपासच्या वस्त्यांवरील मुलगी सातवी-आठवीपर्यंत शिकते. पुढची शाळा लांब असली की घरात चर्चा सुरू होते. कोण सोडणार, कोण आणणार? आणि मग एक दिवस तिचे नाव हजेरीपटातून कमी होते. मुलगी हुशार असते, आईबापही वाईट नसतात, आडवे येते ते अंतर.

हे अंतर सायकल कापू शकते. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांत मुस्लिम भगिनीही होत्या. लोक आधी हसले, टोमणे मारले. पुढे त्याच लोकांच्या घरातील स्त्रिया सायकलवर पाणी, भाजी आणि लेकरे नेऊ लागल्या.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या समाजात मिस्तरी, वेल्डर, पेंटर पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताने घरे चालली आणि मुले शिकली. पण शिकलेला मुलगा फॉर्मवर वडिलांचा धंदा लिहिताना अडखळतो. हे बरे नाही. ज्याला चाकाचा आऊट काढता येतो तो उस्तादच आहे. शाळेने त्याला उस्ताद म्हणून बोलावले तर मुलाची मान आपोआप वर होईल.

म्हणून संस्थेपुढे माझी एक सूचना आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांचे शिबिर घ्या. घरोघरच्या पडून असलेल्या सायकली मागवा. गावातील मिस्तरी आणि पेंटर यांना मानधन देऊन शिकवायला बोलावा. मुलगे आणि मुली दोघांनीही हात काळे करावेत. तयार झालेली प्रत्येक सायकल मिस्तरीने तपासावी आणि मगच लांबून येणाऱ्या विद्यार्थिनीला द्यावी. रंग कोणता, हे तिला विचारा. चेनकव्हरवर तिचे नाव लिहा. नाव लिहिलेली वस्तू माणूस जपतो, आणि ती मुलगी शाळेत जाणार आहे हे वाटेवरच्या सगळ्यांना वाचता येते.

खर्च टायर-ट्यूब, छर्रे, ग्रीस आणि रंगाचा. पहिल्या वर्षी पाच सायकली झाल्या तरी पाच मुलींची दहावी होईल. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत या शिबिराचा अहवाल वाचायला मिळावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.