कायद्यातलं कुटुंब आणि आपलं कुटुंब

(तिरुवैयारू, जि. तंजावर येथे महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या पदवीधर विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



तंजावरच्या मराठा राजांनी छत्रं बांधली. तिथे वाटसरूंना जेवण मिळे, विद्यार्थ्यांची सोय होई. खर्च छत्रांना नेमून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले. शिकणाऱ्याने काही फेडायचं नव्हतं. तिरुवैयारूचं महाविद्यालयही याच पैशावर उभं राहिलं. पण तिथे संस्कृत शिकवत आणि शिकणारे ब्राह्मण असत. १९२०च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात इथे तमिळचं शिक्षण आलं, ब्राह्मणेतरांना दार उघडलं. म्हणजे पैसा सार्वजनिक होता, प्रश्न तो कोणावर खर्च होतो हा होता.

आजही प्रश्न तोच आहे. आपल्याला प्रवेश मिळतो, पण फी कर्जाने भरावी लागते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी १ लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत साध्या व्याजानेच १ लाख ४० हजार चढतात. हप्ता सुरू होतो त्यानंतर.

यावर सरकारची सवलत कोणती? आयकरातली. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, जास्तीत जास्त आठ वर्षं. मुद्दलाची नाही. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं. मामाकडून किंवा सावकाराकडून घेतलेलं चालत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच. शिवाय २०२५-२६पासून त्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. ज्याला करच नाही, त्याला वजावटीचा काय उपयोग? हप्ता मात्र त्याला चुकत नाही.

आता माझ्या घरचं सांगते. वडील शेतमजूर. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचा हप्ता मी माझ्या फेलोशिपमधून भरते. या वजावटीसाठी कायदा स्वतःचं, जोडीदाराचं, मुलांचं आणि कायदेशीर पालकत्वाखालच्या विद्यार्थ्याचं शिक्षण मानतो. भाऊ-बहीण त्या यादीत नाहीत. उद्या मला करपात्र नोकरी लागली तरी हे व्याज माझ्या हिशेबात धरलं जाणार नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कमावता, कर भरणारा बाप होता. आपल्याकडे पहिली शिकलेली पोर बापाच्या जागी उभी राहते. तुमच्यातल्या किती जणी आज हेच करताहेत?

म्हणून वजावट वाढवा, एवढीच मागणी पुरेशी नाही. शिष्यवृत्ती फी भरण्याआधी हातात पडली पाहिजे. व्याज-अनुदान केवळ निवडक संस्था आणि अभ्यासक्रमांपुरतं नको. आणि तोवर एक करा: कर्जावर सही करण्याआधी व्याज कधीपासून लागतं आणि आपण अनुदानात बसतो का, हे बँकेकडून लेखी घ्या. आपल्या आईबापांना हे विचारायला कोणी शिकवलं नव्हतं. आपण धाकट्यांना शिकवू.

जय भीम.