ऐकणे, वाचणे आणि त्यांमधील पायरी
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा गौरव आज अनेकांनी केला. मला अशा विद्यार्थ्याविषयी बोलायचे आहे, जो वर्गात हजर असतो, परंतु धडा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला कमी ऐकू येते आणि वाचतानाही तो अडखळतो. प्रगतिपुस्तकात मात्र ‘लक्ष देत नाही’ एवढाच शेरा पडतो.

या दोन अडचणी पुष्कळदा एकमेकींना झाकतात. अक्षर ही ध्वनीची खूण आहे. ‘क’ आणि ‘ख’, ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद कानाने टिपलाच नसेल, तर ती खूण कशाची, हे मुलाने कसे ओळखावे? उलट, उत्तम ऐकू येणाऱ्या मुलालाही वाचनाची स्वतंत्र अडचण असू शकते. म्हणून आधी कान तपासावेत, मग वाचन; आणि कोणते उपकरण हवे, हे त्यानंतरच ठरवावे.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण शिक्षकांच्या शब्दांबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांची खरखरही मोठी करते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. वर्गाच्या भिंतींमुळे हा हिशेब थोडा बदलतो; तरी शिक्षक दूर आणि गोंगाट जवळ, ही स्थिती कायम राहते. शिक्षकांच्या गळ्याशी लहान मायक्रोफोन आणि मुलाच्या श्रवणयंत्राशी जोडलेला रिसीव्हर असला, तर हे अंतरच जणू मिटते. तोवर बाकांच्या पायांना रबरी टोप्या, खिडक्यांना जाड पडदे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलण्याची सवय, एवढेही पुष्कळ काम करते.

वाचनासाठी एका वेळी एकच ओळ दिसेल अशी पुठ्ठ्याची खिडकी घरीही कापता येते. आपल्या लिपीत ‘कि’मधील वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात, उच्चार मात्र नंतर होतो, ‘सूर्य’मधील र् आधी उच्चारला जातो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अशा जागी सुट्या तुकड्यांनी जोडून पाहता येणारी अक्षरे उपयोगी पडतात.

मजकूर वाचून दाखवणारी आणि वाचलेला शब्द उजळवणारी साधनेही आज आहेत. पण हिंदीसाठी घडवलेला आवाज ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ सारखाच उच्चारतो. महाराष्ट्रातील मुलाला तो उच्चार शेजारी-पाजारी दुरुस्त करून मिळेल. आपल्या मुलांच्या कानांवर मराठी पडते ती घरात आणि या शाळेत. कमी ऐकणाऱ्या मुलाला तर तीही अर्धवटच मिळते.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, ही मोठीच गोष्ट. मात्र त्याच कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांतील ६० डेसिबलच्या ऱ्हासापासून सुरू होते. ४५ डेसिबलचा दोष असलेले मूल त्या रेषेबाहेर राहते, तरी मागच्या बाकावर धड्याचा मोठा भाग गमावते. प्रमाणपत्राची वाट पाहत शाळेने थांबावे, असे हे मूल नाही.

आणखी एक सांगतो. वापरताना मुलाला संकोच वाटेल, ते साधन दप्तरातच राहते. म्हणून रचनेत मुलाचे मत घ्यावे आणि शक्य तेथे साधन साऱ्या वर्गाला द्यावे. पुठ्ठ्याची खिडकी सर्वांच्या हाती असली, की ती कोणा एकाची खूण उरत नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: पाठ्यपुस्तकातील एकेक धडा स्पष्ट, सावकाश मराठीत वाचून ध्वनिमुद्रित करावा. पालकांनी आपल्या घरातील आजी-आजोबांनाही या कामी घ्यावे. शाळेने तो ठेवा जपावा आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची श्रवणतपासणी करवून घ्यावी. ज्या भाषेसाठी ही शाळा निघाली, ती भाषा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणे, हाच महोत्सवाचा खरा अर्थ ठरेल.